आचारसंहितेनंतरची दहा काडतुसं

निवडणूक उरकली. गळ्यात सुतळीनं बांधलेली
पुठ्ठ्याची चिठ्ठी घेऊन
बिळाशीच्या आण्णू खोतांची दुनळी ठाण्यातून सुटली
आणि घरी न जाता थेट मिरजेला आली,
एसटीत, घोंगडीत गुंडाळून, खिडकीच्या बाजूला.

"दोन महिने माणसांनी पाळली आचारसंहिता,
डुकरांनी नाही," खोत म्हणाले.
"भुईमूग गेला. आता शाळवात शिरल्यात."

अब्बांनी बंदूक मोडली.
(मोडली म्हणजे उघडली. आमच्या गल्लीत असंच म्हणतात.)
दिव्याकडे धरली.
नळ्यांवर पाण्याच्या लहरींची नक्षी,
लोखंड आणि पोलाद वेणीसारखं पिळून ठोकलेलं,
खोतांच्या आज्ज्यानं घेतली तेव्हाच म्हातारी होती ती.
मग उजव्या नळीवरून नख फिरवत आणलं
आणि एका जागी थांबले.

"हिच्याशी मोठ्यानं कोण बोललं?"

खोतांची मान खाली. नातू.
कोल्हापूरहून आणलेला चकचकीत डबा,
पंचवीसातली दोनच उडवली म्हणे.
फुगवटा केसभर. मला दिसला नाही,
मला तर नखालाही लागला नाही.

अब्बा रागावले नाहीत.
"उजवी आता मुकी ठेवा, कायमची.
डावीला मी जेवू घालतो. मऊ भात."
"डुक्कर मरंल का त्यानं?"
"मारायचंय कुणाला? त्याला कळलं, बास."

भिंतीपलीकडं सतारीला नवी तार चढत होती.
कुणीतरी खुंटी पिळायचं, थांबायचं,
कान लावून बसायचं,
मग उलटी थोडी सैल करायचं.

तराजू हल्ली माझ्याकडे आहे.
अब्बांच्या काळजात जाळी बसवली तेव्हापासून
त्यांचा डावा हात पानासारखा हलतो,
आणि दारूला हलता हात चालत नाही.
डॉक्टर म्हणाले होते, चाचा, दाब वाढता कामा नये.
अब्बा म्हणाले, साहेब, चाळीस वर्षं तेच करतोय.

दिवसा मी सिव्हिलसमोरच्या मेडिकलात
गोळ्या मोजते. हसू नका,
रात्रीच्या कामाला गोळी नाहीच, छर्रे असतात,
तेही मोहरीएवढे.
टोपी दाबायची. दारू, सोनाराच्या काट्यावर.
वर नमद्याची चकती, मग छर्रे,
आणि शेवटी झाकण: पुठ्ठ्याचं गोल.
पुठ्ठा म्हणजे गल्लीत येणाऱ्या लग्नपत्रिका,
अब्बा एकही टाकत नाहीत.
परवा एका गोलात "चि. सौ. कां." आलं,
एकात नुसतं "आग्रहाचे".
कुठल्या नवरीचं अर्धं नाव
कुठल्या शाळवात जाऊन पडेल, सांगता येत नाही.

दहा भरली. कडा वळवल्या.
बिस्किटाच्या पुड्यात उभी करून, कागद कोंबून दिली.
खोतांनी पैसे विचारले.
अब्बांनी नेहमीचा आकडा सांगितला, जो परवडत नाही,
आणि वर बजावलं,
पहिला बार काढाल तेव्हा फोन लावा.

तिसऱ्या रात्री, साडेदहाला, लागला फोन.
आधी वारा. मग कुत्री.
मग खोतांचा आवाज लांबून, "ऐका हां मास्तर,"
आणि मग, कुणीतरी ओल्या पोत्यावर
काठी मारावी तसा बार.
मागून शाळू चिरत पळणारं काहीतरी जड.
खोत हसत होते. दात नसल्यासारखे हसत होते.

मी अब्बांकडे पाहिलं.
डोळे मिटलेले, फोन कानाला तसाच,
डावा हात मांडीवर हलत.

"थोडी जास्त पडलीय," म्हणाले.
"अर्धी चिमूट."

मी म्हटलं, काट्यावर मोजली होती.

"काटा बरोबरच असणार," म्हणाले,
"तू त्या दिवशी भांडून आली होतीस कुणाशी तरी."

खरं होतं ते.
पुढच्या दहासाठी मी आधी हात धुतले,
पाणी प्याले,
आणि पलीकडची तार लागेपर्यंत
बसून राहिले.