अर्थिंग

परतूरच्या त्या सेतू केंद्रात
तिसऱ्यांदा गेलो, एकाच कंप्युटरसाठी.
कुशावर्ता मॅडम म्हणाल्या, कामून जळतोय हो सारखा?
दाराशी रांग, उत्पन्नाच्या दाखल्याची.

आधी प्लग काढला. मग बटण दाबून धरलं,
आत उरलंसुरलं निघून जावं म्हणून.
दिसत काहीच नाही, पण दाबायचं असतं.
सगळ्या पिना सोडवल्या,
हिरवी तार काळीला जोडली टाचणीनं, मग प्लग.
पंखा हलला नाही.
म्हणजे डबाच गेला.

रांगेतलं एक पोरगं म्हणालं, खोला की,
फ्यूज असंल.
तो डबा मी खोलत नाही.
मोबीनचाचांनी खोलला होता नांदेडला,
प्लग काढून, चहा पिऊन आल्यावर.
त्यांचं एक बोट अजून कपाबाहेरच राहतं.

चार स्क्रू. नवा डबा, साडेचारशे वॅटचा.
सुरू झाला. रांग पुढं सरकली.
सहज टेस्टर टेकवला पत्र्याला
आणि आत मंद, केशरी,
कुणीतरी जागं असल्यासारखं.

तेव्हा कुठं मागं गेलो, मोरीपलीकडं.
अर्थिंगचा खड्डा: मीठ, कोळसा, भेगा.
होळीपासून थेंब नाही.

मॅडम, बादलीभर पाणी लागंल.
टँकर येऊन सहा दिवस झालेले.
त्यांनी पिंपाकडं पाहिलं,
मग माझ्याकडं,
आणि अर्धी बादली दिली, धुण्याची.

ओतत होतो. जमीन आवाज करत पीत होती.
खिडकीतून एक म्हातारी म्हणाली,
काय लावलंय रं तिथं?
म्हटलं, कंप्युटर.