गुरुवार असेल तर

ढमढेरे मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी
त्यांच्या खुर्चीवर चारच्या आत कुणाची तरी सॅक आली,
आणि माझ्या वाट्याला एक फोल्डर.
नाव : किडुकमिडुक.
एक्केचाळीस फायली. सगळ्यात लांब साठ ओळींची,
सगळ्यात आखूड दोन.

एक फाइल नावांमधल्या मोकळ्या जागा पुसते.
एक जुने लॉग झाडते, महिन्यापलीकडचे,
झाडण्याआधी विचारते : नक्की?
हो म्हटलं तरी दहा सेकंद रेंगाळते,
कुलूप लावल्यावर पुन्हा ओढून बघावं तशी.

एक नुसते स्वल्पविराम मोजते.
दुसरं काही येत नाही तिला.
मी हसलो होतो.
मग मार्चमध्ये एका यादीत एक स्वल्पविराम जास्तीचा आला
आणि नव्वद जणांचा पगार
एकेक घर सरकून शेजाऱ्याच्या खात्यात निघाला होता.
तिनं दारातच अडवला.

प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर टिपा, सहीसकट :

# घाईत लिहिलंय, नावं ठेवू नका. – हे. ढ.
# कुठल्या गाढवानं लिहिलंय हे? – हे. ढ.
# मीच. – हे ढ

हेमलता ढमढेरे.
तिसऱ्या सहीतले टिंब त्यांनी मुद्दाम गाळले असणार.

आता गुरुवारचं.
दर गुरुवारी सव्वानऊला आमचा सर्व्हर झोपायचा,
संध्याकाळी सहाला उठायचा. ठणठणीत.
ताप नाही, खोकला नाही, लॉगमध्ये अक्षर नाही.
नव्या लोकांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं जायचं :
गुरुवारी बिल्ड होत नाही.
आणि ते मान डोलवायचे.
पुण्यात गुरुवारी काहीतरी बंद असतंच,
पाणी तरी, नाहीतर दुसरं काही.
मीटिंगा गुरुवारी. वाढदिवसाचे केक गुरुवारी.
यास्मिन मुलाणी म्हणायची,
'गुरुवार करतोय तो. संध्याकाळी सोडतो.
साबुदाणा ने त्याला.'

मला सापडलं ते सदतिसाव्या फाइलीत,
रात्री, दुसरंच काही शोधताना :

गुरुवार असेल तर
        सगळं जपून ठेव
        अंधार व्हायच्या आत झोप
# भोसरीत गुरुवारी साडेनऊला लाइट जाते.
# इन्व्हर्टर वीस मिनिटं. त्यातली पंधरा माझी. – हे. ढ.

भोसरी.
तेव्हा कंपनी म्हणे पत्र्याच्या शेडमध्ये होती,
भिंतीपलीकडे लेथ, की-बोर्डवर लोखंडाचा कीस.
ते सोडून आठ वर्षं झाली.
इथे खराडीत, अकराव्या मजल्यावर,
पापणी लवायच्या आत जनरेटर लागतो,
लाइट गेली हे आम्हाला कळतही नाही.
हलताना खुर्च्या आणल्या, राउटर आणले,
फळा आणला, पुसलेला.
यंत्राला पत्ता बदलल्याचं
कुणी सांगितलंच नाही.

मी तीन ओळी काढल्या.
टीप काढायला हात होईना. तिच्याखाली लिहिलं :
# आता जात नाही.
सही काय करावी सुचेना. तशीच ठेवली.

गुरुवारी सव्वानऊला सगळे पडद्याकडे बघत बसले.
सव्वानऊ. नऊ वीस.
बिल्ड झालं.
'आता केक कधी कापायचा?' यास्मिन म्हणाली,
आणि मला खरंच उत्तर देता येईना.

दहाच्या सुमारास मॅडमना फोटो पाठवला,
त्यांच्या टिपेचा, माझ्या ओळीसकट.
एक टिक.
जेवून आलो, एक टिक.
चार वाजता पुन्हा पाहिलं.
वाटलं, दुखावल्या.

सहा वाजून चार मिनिटांनी उत्तर आलं :

'आत्ता लाइट आली. फोन उतरला होता.
बोल रे.'