पाच घरं

साओ फेलिक्सच्या चढावर, नदीच्या अलीकडे,
निळ्या दाराचं घर. नंबर नाही.
माझ्या गळ्यात ओळखपत्र, हातात यंत्र,
यंत्रात रंगाचा प्रश्न:
गोरी, काळी, पिवळी, आदिवासी, पार्दा म्हणजे मधली.
पाच घरं. एकातच पाय टाकायचा.
सुचवायचं नाही, असं आम्हाला शिकवलंय.
वाचायचं आणि थांबायचं.

दोना वाल्देलिसी, वय एक्क्याऐंशी,
एकेचाळीस वर्षं सिगारच्या कारखान्यात
तंबाखूची पानं निवडली, रंगावरून.
"पाचच?" ती हसली.
"आमच्या टेबलावर तेवीस ढीग असायचे, पोरी.
दक्षिणेच्या खिडकीशी बसवायचे,
थेट ऊन पडलं तर डोळा फसतो म्हणून.
एका झाडाची पानंसुद्धा
एका ढिगात जायची नाहीत."

मुलगा जुरांदिर.
"लिही, काळा."
आतून तो ओरडला, "मोरेनू!"
मोरेनूचं घर यंत्रात नाही.
सावळा म्हणा, गव्हाळ म्हणा,
मऊ शब्द,
दुखऱ्या जागेवर दाबून बांधलेला.
त्याचा रकाना मी रिकामा ठेवला, नंतर भरू म्हणून.

"आणि एक मुलगी, जोसिमारा.
ती नको लिहूस, ती साल्व्हादोरला असते.
बापाच्या वळणावर गेली. हिरवे डोळे, सरळ केस.
कडेवर घेऊन बाजारात गेले की बायका विचारायच्या,
कुणाची गं ही? किती देतात तुला?
एकदा मी सांगून टाकलं,
साठ क्रुझेरू, आणि जेवण.
त्या म्हणाल्या, बरी आहे नोकरी.
मग घरी येऊन
तिला पाजलं."

ती थांबली. मी यंत्राकडे बघत राहिले.
"तिथे तिने काय लिहिलं,
मी विचारलेलं नाही."

नातू वेंडेल, बारा वर्षांचा,
केव्हापासून माझ्या शेजारी उभा,
हळूच आपला दंड माझ्या दंडाला लावून
बघत होता.

"आणि तुम्ही?"
"मागे एक माणूस आला होता, तुझ्यासारखाच.
त्याने विचारलंच नाही.
दारात नवऱ्याचे पॉलिश केलेले बूट होते,
ते बघितले,
आणि मला एक पायरी उजळ करून गेला.
या वेळी लिही, काळी.
काय दाबायचं ते माझ्यादेखत दाब."
मी दाबलं. यंत्र टुणकन वाजलं.
तिने मान हलवली,
मापात काटा मारलेला नाही
याची खात्री झाल्यासारखी.

"तुझं काय लिहिलंस?"
"माझं आईने सांगितलं. मी कामावर होते."
"काय सांगितलं?"
"विचारायचं राहिलं."
खरं तर राहिलं नव्हतं.
आई माझ्या केसांना तेल लावताना
जे बोलायची, ते मला पाठ आहे.

म्हातारीने माझं मनगट धरलं,
खिडकीपाशी नेलं.
हात पालथा केला, उताणा केला,
अंगठ्याने शिरेवरून एकदा चाचपलं,
पान किती आंबलंय बघतात तसं.
काहीच बोलली नाही.
निवडून झाल्यावर ठेवतात तसा
हात खाली ठेवला.
कुठल्या ढिगावर, ते मला कळलं नाही.

बाहेर चढ तसाच होता.
यंत्राची बॅटरी अकरा टक्के.
पुढच्या घराचं दार उघडंच होतं,
आणि जुरांदिरचा रकाना अजून रिकामा.