बाकीच्या बावीसजणी

सतरा नंबरच्या कॉटवर सोमवारी ताप चढला.
भाची भेटायला आली होती, गड्ड्यावरून थेट,
पिशवीत भजी घेऊन, आणि खोकला.
मंगळवारी एकोणीस नंबर.
बुधवारी रिपोर्ट आला : फ्लू.

दोघींना कोपऱ्यात हलवलं, पडदा ओढला,
थंडी वाजते म्हणून ओरडा झाला तरी खिडक्या उघडल्या.
डॉक्टर पुजारींनी उभ्या उभ्या खरडलं :
आजारी दोघींना दिवसातून दोनदा, पाच दिवस.
बाकीच्या बावीसजणींना रोज एक, दहा दिवस.
शेवंताबाईंची किडनी बघून, कमी.

बाकीच्या म्हणजे ज्यांना काहीच झालेलं नाही.

कण्हणाऱ्या माणसाला औषध देणं सोपं,
ते स्वतःच हात पुढे करतं.
इथं बावीस कॉट, बावीस पाय, खुबे, मनगटं,
आणि बावीस वेळा तोच प्रश्न.
बारा नंबरची राजमणी गुंडेटी तर म्हणाली,
"पाय मोडलाय की ओ माझा, नाक नाही.
ताप नसताना तापाची गोळी? वद्दम्मा."
मी म्हटलं, अक्का, ताप यायच्या आधीची आहे.
ती हसली. कॅप्सूल घेतली. पाणी प्यायली.

आठव्या दिवशी चादर बदलताना
उशीखालून रुमाल पडला.
आत सात कॅप्सूल, ओळीनं,
विडीच्या दोऱ्यानं आवळलेल्या,
चाळीस वर्षं बोटांत बसलेली तीच गाठ.
पंचवीसचा कट्टा व्हायला अजून अठरा हव्या होत्या.

"नातू खोकतोय घरी," ती म्हणाली,
भिंतीकडे बघत.
"मी तर बरीच आहे. वाया कशाला?"

मी रागावले. खूप.
मग स्टूल ओढून बसले, कारण पाय दुखत होते.
म्हटलं, ही तुमच्या नावाची आहे, तुमच्या वजनाची.
पोराला उद्या सकाळी ओपीडीत आणायला सांगा,
त्याला तपासून त्याचं त्याला देतील.
सुनेचा नंबर मीच लावून दिला.

रात्री नोंदी लिहिताना हिशोब लागेना.
सात दिवस काही न गिळता हिला ताप कसा नाही आला?
अकरा नंबरच्या हुसेनबीनं रोज गिळली,
तेरा नंबरच्या कलावतीनं तोंड वाकडं करून गिळली,
मधली मधे राहिली.
किंवा नशीब. किंवा ती खिडकी.
मला माहीत नाही.
वहीत एवढंच लिहिलं : नवीन केस नाही.
न आलेल्या तापासाठी रकाना नसतो.

पुजारी सरांना सगळं सांगितलं. ते कपाळाला हात लावून हसले.
आता मी समोरून हलत नाही.
राजमणी कॅप्सूल जिभेवर ठेवते, पाणी पिते,
आणि मी न सांगताच आ वासते,
जीभ उचलते, डावा गाल, उजवा गाल,
तंबाखूनं काळवंडलेले चार दात.
"चूडक्का," म्हणते. "बघ. रिकामं."