शीव

दहा दिवसांचा गर्भ, उंदराचा,
तांदळाच्या कणीएवढा.
मेणात बसवून त्याचे काप करते.
पंखा बंद; फतेगंजच्या मे महिन्यात
कोमट पाण्यावरून ब्रशने एकेक उचलते.

जांभळा चढला की दिसतं:
एका कापात पुढून ओटेक्स,
लगतच्या कापात मागून जीबेक्स,
एकमेकांचं तोंड न बघणारी दोन जनुकं.
अडतात तिथे शीव.
आणि बोलते ती शीवच,
शेजारच्या पेशींना सांगते:
तू बघण्याकडची, तू तोलाकडची.

सतरा नंबरच्या काचेवर शीव नाही.
जीबेक्स काढून टाकलेलं.
पुढचं मागे पसरलंय ऐसपैस,
कुणाशी भांडण नाही.
तोलाची जागा गेली.
वहीत लिहिलं, खाली सही: हे. रा. शितोळे.

घरी जाताना दांडिया बाजारात
भाजीवाली विचारते, बेन, तमे मराठी?
हो, म्हणते.
काटा अजून हलतोय.
तोल बराबर करजो, म्हणते,
आणि हा शब्द कुठल्या बाजूचा
ते वांगी पिशवीत पडेपर्यंत
ठरत नाही.