धुराची वाट

ओझरच्या द्राक्षशेडमागे जनरेटर बसवताना
खैरनार मिस्त्रीने आधी इंजिन पाहिलंच नाही;
बोट ओलं करून वारा बघितला.
मग विचारलं, रात्रपाळीच्या बाया कुठं टेकतात?

शेठ म्हणाला, खिडकीतूनच काढ पाइप,
दोन बेंड वाचतील.
तो काही बोलला नाही. छताला हँगर ठोकले,
मधे बेलोज, इंजिनाची थरथर
सांध्यात उतरायला नको.
भिंतीच्या भोकात लोखंडी बाही,
वर ग्लासवुलची गोधडी.
थोडा उतार बाहेरच्या बाजूला,
पाणी माघारी येऊ नये.

"काळा धूर बरा, दिसतो तरी.
दुसरा खोकूही न देता नेतो."
सातपूरच्या कुठल्याशा तळघराचं नाव
ओठांपर्यंत आलं,
परत गेलं.

पहाटे तीनला लाइट गेली.
इंजिन धडधडलं.
आत मंजुळा भोये क्रेटला टेकून घोरत होती.
मिस्त्री दाराशी बसून
ते घोरणं ऐकत राहिला.