दोरीचं दुसरं टोक

गुरुवारी दुपारी मी शाळेच्या मैदानावर फक्की मारतो.
दर पाच यार्डांवर एक, अशा एकवीस रेषा.
दोरीचं दुसरं टोक धरायला
लाइल ब्रॅन्क येतो.
कोचनं हे काम करायचं नसतं.
तो करतो.

ह्याच गवतावर, सतराव्या वर्षी,
त्यानं फेकलेला चेंडू हवेत असतानाच
साखर कारखान्याचा भोंगा झाला होता.
गावात अजून वाद आहे
आधी काय संपलं, दुसरी पाळी की मॅच.
मी बँडमध्ये ट्रॉम्बोन घेऊन उभा होतो.
वाजवायचं राहूनच गेलं.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे:
विद्यापीठ, पेपरात अर्धं पान,
मग मोठ्या शहराचा मोठा संघ,
आणि त्या संघात तिसरा क्वार्टरबॅक.
तिसरा म्हणजे काय, ते गावाला कळलं नाही.
तिसरा म्हणजे टोपी घालून कडेला उभं राहायचं,
दुसऱ्यानं काय फेकावं त्याच्या खुणा करायच्या,
आणि जर्सी धुवायला टाकायची
मातीचा एक डाग नसताना.
चार हिवाळे.
त्याची आई, इर्मा, टीव्हीला नाक लावून बसायची.
कोपऱ्यात टोपी दिसली
की काचेवर बोट ठेवायची. हा. हा बघ.

अख्ख्या कारकिर्दीत अकरा पास.
डिसेंबरात, बर्फात,
पहिले दोघं जायबंदी झाल्यावर.
सात पोचले, तीन जमिनीवर पडले,
आणि अकरावा समोरच्यांच्या हातात गेला.
अकराव्याबद्दल तो एकदाच बोलला,
चाळिसाव्या यार्डावर, खाली वाकलेला:
“खांदा आधीच गेला होता, ऑगी.
डॉक्टरनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही.
चार वर्षं तेवढ्यासाठीच तर उभा होतो.”
मग त्यानं दोरी ताणली
आणि मी गाडा ढकलला.

आता सकाळी तो पोरांना मोटार शिकवतो,
मधल्या तासाला भूगोल.
फळ्यावरच्या वरच्या ओळी
डाव्या हातानं लिहितो.
नद्या त्यामुळे जरा भलतीकडे वळतात.

गेल्या नोव्हेंबरात उपांत्य फेरी होती.
आमचा क्वार्टरबॅक अँसेल्मो, सोळा वर्षांचा,
बाप कारखान्यात बॉयलरवर.
पोरानं चेंडू सोडला की आवाज येत नाही,
पलीकडे कुणाच्या तरी छातीशी तो नुसता सापडतो.
चार गुणांनी पुढे. सहा मिनिटं बाकी.
तो पडला, उठला, हसलासुद्धा.
हेल्मेटचा पट्टा डाव्या हातानं लावत होता.
तीन हजार माणसं होती. कुणाला दिसलं नाही.

“कसं आहे?”
“काही नाही.”

लाइलनं हेल्मेट काढून घेतलं
आणि शेवटपर्यंत काखेत धरून ठेवलं,
रडणाऱ्या पोराचं दप्तर धरावं तसं.
तीन गुणांनी हरलो.

शनिवारी न्हाव्यानं त्याला बस म्हटलं नाही.
रविवारी दारात कुणीतरी ट्रकभर बीट ओतलं.
ते त्यानं शेजारच्या शेळ्यांना घातलं,
आठवडाभर, घमेल्या-घमेल्यानं.
मीही त्या रात्री शिवी दिली होती. त्याला माहीत आहे.
पण पोराचा बाप,
तो अजून बोलत नाही. आणि त्याचं चूक कसं म्हणू?
विद्यापीठाचा एक माणूस वही घेऊन आला होता,
सहा मिनिटं असतानाच
त्यानं वही मिटली आणि गाडीकडे गेला.
पुन्हा आला नाही.
येईल का, ते लाइललाही सांगता येत नाही.

हा ऑगस्ट. उन्हात गवत करकरतंय.
आज दोरीला अँसेल्मो आहे.
लाइल मध्ये उभा राहून एक डोळा मिटून बघतोय.
दोरी पोटात लोंबते आहे.
“ताण,” लाइल म्हणाला.
पोरानं उजवा हात उचलला, अर्ध्यावर थांबला.
“दुखतंय.”

लाइल काही बोलला नाही.
चालत गेला, दोरीचं टोक
पोराच्या डाव्या हातात दिलं,
आणि तिथेच उभा राहिला, गरज नव्हती तेवढा वेळ.

मी गाडा ढकलला.
पस्तिसाव्या यार्डाची रेष वाऱ्यानं जरा वाकडी आली.
शुक्रवारी कुणीतरी बोलेलच.